ताप उतरला म्हणजे दुखणं सरलं का?

आवणीचे दिवस आहेत. सकाळी उठून पोरांसाठी भाकर करायची, पेज ठेवायची आणि मग दिवसभर चिखलात वाकून राहायचं. संध्याकाळी घरी येतो तेव्हा पाठ सरळ होत नाही. अशात घरात कोणाचं अंग तापलं तर आपण काय करतो? दुकानातून एक गोळी आणतो, देतो आणि झोपवतो. सकाळी अंग थंड लागलं की म्हणतो, उतरला ताप, आता बरं आहे. बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. काही वेळा मात्र ठरत नाही, आणि आजचं बोलणं त्या काही वेळांबद्दल आहे.

आशागड, गंजाड, रानशेतकडच्या आणि तिकडे तलासरीत उधवा, झरीकडच्या बाया गटात बसल्या की आम्हाला एकच प्रश्न विचारतात. किती ताप आला की दवाखान्यात न्यायचं? शंभरला का एकशे दोनला? आकडा आम्ही सांगू. पण नुसत्या आकड्यावर आमचा फार भरवसा नाही. तो का नाही, हे कळायला आधी ताप म्हणजे काय ते बघू या.

ताप हा स्वतः आजार नाही. शरीरात जंतू शिरला की शरीर आपणहून गरमी वाढवतं. डोक्यात गरमी सांभाळणारी एक जागा आहे, ती हुकूम सोडते. मग हुडहुडी भरते, अंग कापतं, आणि त्या कापण्यातूनच गरमी तयार होते. काम झालं की घाम फुटतो आणि अंग निवतं. रात्री अंगणातलं कुत्रं भुंकतं, तसा हा ताप आहे. कुत्रं भुंकलं म्हणजे कोणीतरी आवारात आलंय. पॅरासिटामॉलची गोळी कुत्र्याला गप्प करते. आलेला चोर ती पकडत नाही. कधी नुसती सर्दी असते, ती तीन दिवसांत आपली आपण जाते. कधी मलेरिया असतो, आणि तो गोळीने गप्प बसवला तरी आत आपलं काम करतच राहतो.

आता आकडा. काच आणि पाऱ्याच्या थर्मामीटरपेक्षा आकडे दाखवणारा थर्मामीटर बरा. औषधाच्या दुकानात मिळतो, आणि गटाने मिळून एक घेतला तर पाड्याला पुरतो. आशाताईकडेही असतो. काख पुसून कोरडी करायची, टोक काखेत मधोमध धरायचं, हात अंगाशी दाबायचा आणि आवाज येईपर्यंत काढायचा नाही. आपलं नेहमीचं अंग ९८.६ च्या आसपास असतं. काखेत ९९.५ किंवा त्यावर दिसलं तर लहान मुलात तो ताप धरतात, मोठ्यांत १००.४ च्या वर गेला की नक्कीच ताप. थर्मामीटर सेल्सियसचा असेल तर तेच आकडे ३७, ३७.५ आणि ३८ असे दिसतील, घाबरू नका. आणि थर्मामीटर नसेल तर? चुलीपुढून उठलेला हात कपाळावर ठेवून नीट कळत नाही. पण रात्री लेकरू तापलं होतं असं आई सांगत असेल, तर दवाखान्यात अंग थंड लागलं तरी तो ताप धरायचा असतो. तुमचं सांगणं हीसुद्धा तपासणीच आहे, ते सांगायला लाजू नका.

पण बघा, १०३ ताप असलेलं पोर गोळी दिल्यावर उठून पेज मागतं, भावाच्या अंगावर धावून जातं. दुसरं पोर १०० लाच मान टाकून पडलेलं असतं. आकडा पहिल्याचा मोठा आहे, धोका दुसऱ्याला आहे. म्हणून थर्मामीटर बघून झाला की तो बाजूला ठेवा आणि माणसाकडे बघा.

काय बघायचं? लेकरू दूध ओढतंय का, पाणी पितंय का. पोटात गेलेलं सगळंच उलटून पडतंय का. झटका आला का. हाक मारली तर डोळे उघडून बघतंय का, की सुस्त, गळाल्यासारखं आहे. यातलं एकही असेल तर ताप ९९ असो की १०४, रात्र असो की पाऊस, निघायचं. मान ताठ झाली असेल, हनुवटी छातीला टेकवता येत नसेल, लघवी बंद झाली असेल, मोठं माणूस बरळायला लागलं असेल, तरीही तसंच.

श्वास मोजायला प्रत्येकीने शिकावं असं आम्हाला वाटतं. मूल शांत असताना कपडा वर करा आणि मोबाईलवर एक मिनिट लावून पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त भरले तर श्वास जोरात आहे, न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर मोजत बसू नका.

आणि दोन महिन्यांच्या आतलं तान्हं बाळ तापलं, तर घरी बघू म्हणायचंच नाही. इतक्या लहान बाळाच्या अंगात लढायची ताकद नसते, विषार काही तासांत पसरतो. उलटंही लक्षात ठेवा. असं बाळ गार पडलं, दूध ओढेना झालं, तर तोही तितकाच मोठा धोका. आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येऊन बाळाला थर्मामीटर लावते ते उगीच नाही.

झटका आला तर काय करायचं, हे विचारणाऱ्या पुष्कळ आहेत. पोराला एका कुशीवर वळवा, म्हणजे तोंडातली लाळ किंवा उलटी छातीत जाणार नाही. दातांत चमचा घालू नका, पाणी ओतू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा आणि चप्पल हुंगवल्याने झटका थांबत नाही. तो बहुतेक वेळा आपोआप थांबतो आणि आपल्याला वाटतं कांद्यानेच थांबला. थांबला तरी दवाखान्यात न्या. आपल्या हद्दीला लागून गुजरात आहे, तिथे २०२४ च्या पावसाळ्यात चांदीपुरा तापाने मुलं दगावली. हा विषाणू पहिल्यांदा सापडला १९६५ मध्ये, आपल्याच नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावात. त्यावरून त्याचं नाव पडलं. भिंतीच्या भेगांत राहणारी बारीक वाळूमाशी तो पसरवते. एकाएकी मोठा ताप, झटके आणि एक-दोन दिवसांत बेशुद्धी, इतकं ते झपाट्याचं असतं. कुडाच्या भिंती लिंपताना खालच्या भेगा बुजवून घ्या.

आता आपल्याकडचे नेहमीचे ताप. पहिला मलेरिया. डोंगर, ओढे, भाताची खाचरं, सूर्या प्रकल्पाच्या कालव्यांचं झिरपलेलं पाणी, हे सगळं मलेरियाच्या डासाला आवडतं. शिवाय आपली माणसं कामाला बाहेर जातात. कोणी वीटभट्टीवर, कोणी पोरबंदर, वेरावळ, ओख्याला बोटीवर खलाशी म्हणून, कोणी वापी-उंबरगावच्या कारखान्यात. माणूस परत येताना कधीकधी ताप सोबत घेऊन येतो. बाहेरून आलेल्याला महिन्याभरात ताप आला तर तो कुठून आला हे आशाताईला सांगायला विसरू नका.

मलेरिया दिवसाआड येतो, थंडी वाजून येतो, असं आपण ऐकलेलं असतं. जंतू रक्ताच्या तांबड्या पेशींत वाढतात, एकदम पेशी फोडून बाहेर पडतात, तेव्हा हुडहुडी भरते. पण नेहमीच असं ठरल्या वेळेला होत नाही. लहान मुलांत तर नुसता ताप आणि उलटी एवढंच दिसतं. म्हणून अंदाज करत बसायचं नाही. ताप आला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रक्त तपासायचं. बोटातून थेंबभर रक्त पट्टीवर घेतात, वीस मिनिटांच्या आत कळतं. आशाताईकडे, उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट आहे आणि औषधही फुकट आहे.

मलेरियाचे आपल्याकडे दोन प्रकार मुख्य. एक फाल्सिपेरम. त्याने बिघडलेल्या पेशी मेंदूतल्या बारीक नसांत अडकून बसतात, आणि चालतं-बोलतं माणूस एक-दोन दिवसांत बेशुद्ध होऊ शकतं. दुसरा व्हायव्हॅक्स. तो त्या मानाने मवाळ, पण लबाड. त्याचे काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि महिन्यांनी पुन्हा उठतात. म्हणून त्याला क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस असतं. आपल्याकडे चौथ्या दिवशी ताप गेला की उरलेल्या गोळ्या फळीवर जातात, आणि दिवाळीनंतर तोच ताप परत येतो. मग आपण म्हणतो, सरकारी गोळीत दम नाही. गोळीत दम आहे, ती पोटात गेली तर. मात्र प्रायमाक्विन घेताना लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. आणि पोटुशी असाल, बाळ अंगावर पीत असेल तर आधी सांगा, त्यांना ती गोळी तशी देत नाहीत. पोटुशीचा मलेरिया आई आणि बाळ दोघांना जड जातो. तिची तपासणी एक दिवसही पुढे ढकलू नका.

डेंग्यूची गोष्ट वेगळी, आणि आजच्या नावाचा प्रश्न खरा तिथेच आहे. याचा डास दिवसा चावतो आणि घरातल्याच चांगल्या पाण्यात अंडी घालतो: पिंपात, टाकीत, टायरमध्ये, करवंटीत. पहिले तीन-चार दिवस जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, हाडं मोडल्यासारखी. मग ताप उतरतो. घरचे म्हणतात, सुटलो. पण डेंग्यूत धोक्याचे दिवस ताप उतरायला लागला की सुरू होतात. त्या एक-दोन दिवसांत नसांतलं पाणी बाहेर झिरपायला लागतं, रक्त घट्ट होतं, नाडी बारीक होते. अंग थंड लागतं ते आजार गेला म्हणूनच असेल असं नाही, आतलं रक्त नीट फिरत नाही म्हणूनही असू शकतं. बरं होणारं माणूस ताप उतरल्यावर उठून बसतं, भूक लागली म्हणतं. बिघडणारं माणूस पोटात फार दुखतं म्हणतं, सारखं उलटतं, तळमळतं किंवा गुंगीत राहतं. हातपाय गार आणि ओलसर लागतात, लघवी कमी होते, हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं, शौचाला काळं होतं. बाईला पाळी नसताना किंवा पाळीत फार जास्त जातं. यातलं काही दिसलं तर ताप नाही म्हणून थांबू नका. पपईच्या पानाचा रस देत घरी वाट बघण्याची ही वेळ नव्हे.

याच कारणासाठी तापात दुकानातून अंगदुखीची दुसरी गोळी आणू नका. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन, कॉम्बिफ्लाम यांनी डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो. ताप कशाचा ते कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल.

तिसरा ताप थेट आपल्या आवणीतला, लेप्टो. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून त्याचे जंतू पाण्यात येतात आणि पायाच्या चिरेतून, जखमेतून अंगात शिरतात. ताप, डोळे लाल, आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की चालवत नाही. पुढे डोळे पिवळे होतात, लघवी कमी होते. सुरुवातीला औषध मिळालं तर साध्या गोळ्यांनी माणूस बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडं निकामी होतात. डॉक्टरांना तुमच्या पायांकडे बघून हे कळणार नाही. तुम्हीच सांगायचं, आठ-दहा दिवस चिखलात होते, पायाला चीर आहे. एवढ्या एका वाक्याने औषध बदलतं.

बाळंतिणीचा ताप वेगळाच धरायचा. बाळंतपण किंवा गर्भपात झाल्यावर ४२ दिवसांत ताप आला, अंगावरचं घाण वासाचं जायला लागलं, ओटीपोट दुखलं, तर वारा लागला, दूध चढलं असं म्हणत बसायचं नाही, त्याच दिवशी न्यायचं. पूर्वी युरोपातही बाळंतिणी या तापाने मरत. व्हिएन्नाच्या दवाखान्यात दोन वॉर्ड होते, एकात सुइणी बाळंतपण करत, दुसऱ्यात डॉक्टर आणि शिकणारी मुलं. मरायच्या जास्त डॉक्टरांच्या वॉर्डात! सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने १८४७ मध्ये शोधलं की ही मंडळी मढी चिरून तशीच बाळंतिणीला हात लावतात. त्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू एकदम खाली आले. म्हणजे मोठ्या दवाखान्यातल्या माणसालाही हात धुतले का, असं विचारायला हरकत नाही. हळू आवाजात का होईना, विचारा.

ज्या घरात सिकलसेल आहे, लेकराला कार्ड मिळालेलं आहे, तिथे कुठलाही ताप साधा समजू नका. ताप आला त्याच दिवशी कार्ड घेऊन निघा. आणि दोन आठवडे खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं, हे क्षयाचं असू शकतं. थुंकी तपासून घ्या, तीही फुकट.

घरी बघण्यासारखा ताप असेल तर काय करायचं? पाणी, पेज, नाचणीची आंबील, लेकराला अंगावरचं दूध नेहमीपेक्षा जास्त वेळा. थंडी वाजत असेल तोवर पांघरूण, अंग तापलं की काढून सुती कपडा. कोमट पाण्याने पुसा, गार पाण्याने नको, त्याने पुन्हा कापरं भरतं. पॅरासिटामॉल मुलाच्या वजनावर देतात, किलोला साधारण १५ मिलिग्रॅम. म्हणजे दहा किलोच्या मुलाला दीडशे. पण बाटल्या दोन ताकदीच्या येतात, ५ मिलिलिटरमध्ये १२५ आणि ५ मिलिलिटरमध्ये २५०. शेजारणीने सांगितलेलं एक झाकण तुमच्या बाटलीत दुप्पट असू शकतं. औषध देणाऱ्याकडून तुमच्या बाटलीवर खूण करून घ्या. दोन डोसांत सहा तास ठेवा. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही नावं वेगळी असली तरी आत तेच पॅरासिटामॉल आहे, एकावर एक देऊ नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला घरच्या घरी काहीच नाही. मोठ्या माणसाचा ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नाही तर तपासणी हवीच, पण मलेरियाची पट्टी पहिल्याच दिवशी.

सुई आणि बाटलीबद्दलही बोलायलाच हवं. सुई मारल्याशिवाय बरं वाटत नाही, बाटली लावली की ताकद येते, असं आपल्या मनात बसलंय. सलाईनच्या बाटलीत मीठ आणि पाणी असतं, फार तर साखर. तोंडाने पिता येत असेल तर तिची गरज क्वचितच. काही सुयांत स्टेरॉइड असतं, ताप तासाभरात जातो, माणूस उठून बसतं, आणि खरा आजार झाकून जातो. कोणीही सुई दिली तर औषधाचं नाव कागदावर मागा. लिहून देत नसेल तर तिथे हात पुढे करू नका.

भगताकडे जाऊ नका, असं सांगायला आम्ही बसलो नाही. भगत आपल्या पाड्यातला, रात्री दार उघडणारा, धीर देणारा. पण जंतू रक्तात आहे, आणि तो धीराने मरत नाही. आधी पट्टी, मग बाकीचं. भगतालाही हे घरच्या माणसासारखं सांगता येतं.

उशीर का होतो, हे आपल्याला माहीत आहे. नवरा बोटीवर असतो, सासू म्हणते थांब, हातात पैसे नसतात, पाड्यातून रस्त्यापर्यंत झोळीतून न्यावं लागतं. म्हणून हे गटातच आधी ठरवा. रात्री कोणाची गाडी मिळते, फोनला रेंज कुठल्या टेकाडावर येते, गटाच्या पेटीतले किती रुपये अशा वेळी विचारल्याशिवाय उचलायचे, मागे राहिलेल्या पोरांना कोण बघणार. घरात पुरुष नसताना निर्णय कोणाचा, हेही बोलून ठेवा. १०८ ची गाडी फुकट आहे. फोनवर नुसतं गावाचं नाव सांगू नका. पाडा, जवळची शाळा किंवा मंदिर, आणि गाडी कुठपर्यंत येऊ शकते ते सांगा, आणि तिथे एक माणूस बॅटरी घेऊन उभा करा. आशागडला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तिथून पुढे पाठवलं तर डहाणू आणि कासा इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत, तलासरीला ग्रामीण रुग्णालय.

निघताना दिलेल्या गोळ्यांची पाकिटं, रिकामी असली तरी, पिशवीत टाका. ताप कुठल्या दिवशी चढला, शेवटची गोळी किती वाजता दिली, लघवी केव्हा झाली, हे कागदावर लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्या.

पुढच्या भागात पाण्याच्या पिंपांबद्दल बोलू. तोवर आपापल्या घरचं एक पिंप उघडून आत वळवळणाऱ्या अळ्या आहेत का ते बघून ठेवा.